ब्रेक ऑइल कधी बदलायचं? किलोमीटर नव्हे, कॅलेंडर बघा

ब्रेक ऑइलची पातळी बरेच जण बघतात. बॉनेट उघडलं, पांढुरक्या टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये ऑइल दिसलं की बॉनेट बंद. ते किती जुनं आहे, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. इंजिन ऑइल पुढे कधी बदलायचं याचं स्टिकर लावलेलं असतं, टायर किती चालले हे तोंडपाठ असतं, आणि ब्रेक ऑइल गाडी शोरूममधून आली तेव्हापासून तेच असतं. मुंबईत इमारतीखाली वर्षभर उभी राहून गणपतीला आणि मे महिन्यात तेवढी गावाला जाणारी गाडी असेल, तर ही शक्यता जास्तच. वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालते, मग सर्व्हिसिंगची घाई कशाला, असा हिशेब असतो. आणि नेमकी हीच गाडी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोकणातला घाट उतरते.

उत्तर आधीच सांगून टाकतो. बहुतेक गाड्यांचं ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदलायचं असतं, काही कंपन्या ३ वर्षं सांगतात. मॅन्युअलमध्ये सोबत किलोमीटरचा आकडा दिलेला असेल तर दोन्हींपैकी जे आधी भरेल ते धरायचं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधल्या देखभालीच्या तक्त्यात सापडेल. किनारपट्टीवर राहत असाल किंवा घाटातून नेहमीची जा-ये असेल, तर मॅन्युअल काहीही म्हणो, २ वर्षांच्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. सेकंडहँड गाडी घेतली आणि आधीच्या मालकाकडे बिल नसेल, तर तारखा शोधत बसण्यात अर्थ नाही. पहिल्याच आठवड्यात बदलून टाका.

बंद टाकीत पाणी येतं कुठून

ब्रेक ऑइल पेडलवरचा पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं. पेडल दाबलं की त्याला जोडलेला मास्टर सिलिंडर ऑइलवर दाब आणतो, तो दाब पाइपांतून कॅलिपरपर्यंत (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किंवा मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरपर्यंत जातो, पिस्टन सरकतो आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. द्रव दाबला तरी आकसत नाही, यावर हा सगळा कारभार उभा आहे.

नेहमीच्या गाड्यांतलं हे ऑइल ग्लायकॉल जातीच्या रसायनांचं बनलेलं असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसाच हा स्वभाव. टाकीच्या झाकणाला हवा आत-बाहेर होण्याची सोय असते, चाकांकडे जाणारे लवचीक पाइप रबराचे असतात आणि रबरातूनही ओलावा हळूहळू आत झिरपतो. म्हणजे गाडी चालो की उभी राहो, ऑइल पाणी पीतच असतं. किलोमीटरवर हिशेब चालत नाही तो यामुळे.

ओलावा ओढून घेणं हा या ऑइलचा दोष वाटतो, पण त्यातच त्याचा उपयोगही आहे. आत शिरलेलं पाणी त्यात विरघळून सगळीकडे पसरतं. विरघळलं नसतं तर थेंब थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये साचलं असतं. कॅलिपर हीच सगळ्यात जास्त तापणारी जागा, आणि तिथे सुटं पाणी १०० अंशांच्या आसपासच उकळू लागलं असतं.

विरघळलेलं पाणी काय करतं ते आकड्यांत बघा. ब्रेक ऑइलच्या दर्जाला डॉट ३, डॉट ४ असे क्रमांक असतात. कोरड्या, नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ ला कोरड्या स्थितीत २३० आणि ओल्या स्थितीत १५५, तर डॉट ५.१ ला २६० आणि १८०. थोडक्यात, शंभरातले चार भागसुद्धा पाणी नाही, आणि ६५ ते ८० अंशांचं संरक्षण गेलं. शहरातल्या गर्दीत हे कधीच कळणार नाही, कारण तिथे ब्रेक तेवढे तापतच नाहीत.

घाटात तापतात. गाडी, माणसं आणि सामान मिळून १,४०० किलो वजन धरा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना उंची हजार मीटरहून जास्त कमी होते. नुसते हजार मीटर धरले तरी सुमारे १३.७ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. ३० अंशांचं साधारण ४७ लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच ऊर्जा लागते. त्यातली काही वाऱ्यात जाते, काही टायरमध्ये, आणि खालच्या गिअरमध्ये उतरत असाल तर बराच वाटा इंजिन उचलतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांच्या गाडीत मात्र जवळजवळ सगळा भार ब्रेकवर पडतो. इंजिनही बंद केलं असेल तर ब्रेक बूस्टरचा (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक दाबताच संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. वाचलेल्या पेट्रोलची ही किंमत.

कॅलिपरमधलं ऑइल उकळलं की तिथे वाफ होते. द्रव आकसत नाही, वाफ आकसते. पेडल दाबलं की ते वाफेचा बुडबुडा दाबत खाली जातं आणि चाकाकडे जोर पोचत नाही. थोड्या वेळाने सगळं थंड झालं की वाफेचा पुन्हा द्रव होतो, ब्रेक पूर्ववत लागतो, आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, ब्रेक तर ओके आहे.’ दुसरी एक गंमत अशी की पुष्कळदा उकळी घाटात न येता घाट संपल्यावर येते. गाडी चालू असेपर्यंत वारा डिस्कला थंड ठेवत असतो. खाली उतरून चहाला थांबलात की वारा बंद होतो आणि तापलेल्या डिस्कची धग कॅलिपरमधून ऑइलपर्यंत पोचते. म्हणून घाट उतरून थांबल्यानंतर पुन्हा निघताना, गाडी हलायच्या आधी एकदा पेडल दाबून बघायची सवय लावा.

पाण्याचं दुसरं काम सावकाश चालतं. ऑइलमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती वर्षागणिक संपत जातात. मग सिलिंडरला आतून गंज धरतो, पिस्टन अडकायला लागतो, सील खरवडले जातात. एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमधल्या झडपा फार बारीक असतात, गाळ आणि गंज त्यांना सोसत नाही. ते युनिट बदलायचा खर्च हजारांच्या पुढे दहा-हजारांत जातो. ऑइलची बाटली काहीशे रुपयांना मिळते.

रंग काय सांगतो, काय सांगत नाही

नवं ब्रेक ऑइल पाण्यासारखं किंवा फिकट मधाच्या रंगाचं असतं. जुनं होत गेलं की तपकिरी, मग चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं, शेवटी काळपट. काळं दिसलं तर विचार करत बसू नका, बदला. तळाशी गाळ किंवा कण दिसले तरी तेच.

उलटं मात्र खरं नाही. रंग स्वच्छ आहे म्हणून ऑइल चांगलं, असं म्हणता येत नाही. पाण्याला रंग नसतो. रंग बदलतो तो उष्णतेने, झिजलेल्या रबराने आणि धातूच्या कणांनी. वर्षभर उभ्या राहणाऱ्या गाडीत यातलं काहीच फारसं होत नाही, ओलावा तेवढा वाढत राहतो. त्यात टाकीमधलं ऑइल चाकांपासून लांब असल्यामुळे तुलनेने बरं दिसतं. खराब ऑइल कॅलिपरमध्ये बसलेलं असतं, तिथे आपली नजर पोचत नाही.

पातळी कमी झाली तर आधी ओतू नका

ब्रेक ऑइल वापरात जळून कमी होत नाही, उडून जात नाही. पातळी उतरली तर कारणं दोनच: पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागची जागा ऑइल भरून काढतं आणि टाकीतली पातळी हळूहळू, महिनोन्‌महिने उतरत जाते. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की पातळी आपोआप वर येते. मध्येच कुणी वरून ऑइल ओतलं असेल, तर त्या वेळी ते टाकीबाहेर सांडतं आणि इंजिनखोलीतला रंग खातं. म्हणून क्रम असा ठेवा: पातळी कमी दिसली की आधी पॅडची जाडी बघायची, मग चारही चाकांच्या आतल्या बाजू, पाइपांचे जोड आणि पेडलच्या वरची जागा ओली आहे का ते बघायचं, आणि त्यानंतरच बाटलीला हात लावायचा.

आठवड्याभरात पातळी झपकन उतरली किंवा हँडब्रेक सोडलेला असताना ब्रेकचा लाल दिवा पेटला, तर ती गळती समजून गाडी थांबवा. गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो म्हणू नका, मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा किंवा गाडी टो करून न्या.

पायाला काय कळतं

पेडलच्या लक्षणांवरून ऑइल जुनं झालंय हे ओळखायला बसलात तर फार उशीर झालेला असतो. ओलावा धरलेलं ऑइल गार असताना नव्यासारखंच वागतं. तरीही पेडल जे सांगतं ते वाचता आलं पाहिजे, कारण त्याची कारणं वेगवेगळी आणि दुरुस्त्याही वेगळ्या.

ब्रेक कायमच मऊ, स्पंजासारखा लागत असेल आणि दोन-तीनदा भराभर पंप मारल्यावर वर येत असेल, तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे. ब्रेक दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बुडत जात असेल, तर मास्टर सिलिंडरचे सील गेलेत किंवा गळती आहे, नुसतं ऑइल बदलून हे जाणार नाही. पेडल एरवी चांगलं आणि फक्त लांब उतारानंतर मऊ होत असेल, तर ते ऑइल उकळण्याचं लक्षण. आणि पेडल कडक आहे, खाली जात नाही, पण गाडी थांबायला वेळ लागतोय, जळका वास येतोय, तर पॅड तापून त्यांची पकड गेली आहे. त्यात ऑइलचा दोष नाही, गिअर न वापरता उतरल्याचा आहे.

मोजून बघायचं असेल तर

पेनच्या आकाराचा एक टेस्टर मिळतो. टोक टाकीत बुडवलं की हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतो. तो ऑइलमधून वीज किती वाहते त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतो. आता प्रत्येक कंपनीच्या ऑइलची मुळातली विद्युतवाहकता वेगळी असते, त्यामुळे आकडा इकडेतिकडे होतो. शिवाय तो टाकीतलं ऑइल मोजतो, कॅलिपरमधलं नाही. लाल लागला तर बदला, हिरवा लागला म्हणून तारीख पुढे ढकलू नका, एवढाच माझा त्याच्यावर विश्वास. दुसरा प्रकार कागदी पट्टीचा. ती ऑइलमध्ये उतरलेलं तांबं दाखवते. ब्रेकच्या पोलादी नळ्यांच्या आत तांबं असतं आणि गंज रोखणारी द्रव्यं संपत आली की ते विरघळायला लागतं. खरा भरवशाचा प्रकार म्हणजे ऑइलचा नमुना तापवून उत्कलनबिंदू थेट मोजणारं यंत्र, पण ते थोड्याच गॅरेजमध्ये असतं. २ वर्षं होऊन गेली असतील तर या कशाचीच गरज नाही.

कोणाच्या गाडीत हे ऑइल असतं

केबलवर चालणाऱ्या ड्रम ब्रेकच्या दुचाकीत ब्रेक ऑइल नसतं. डिस्क ब्रेक असेल तिथे असतं, मग ती स्कूटर असो की मोटरसायकल. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असेल तर फक्त पुढच्याची काळजी घ्यायची. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाक्यांना एबीएस बंधनकारक झालं. त्या गाड्यांना आता पुरेशी वर्षं झालीत, आणि त्यांच्यातलं युनिट महाग आहे हे लक्षात ठेवा. दुचाकीची टाकी छोटीशी असते, त्यात जेमतेम चहाच्या कपाएवढंही ऑइल मावत नाही, तेव्हा ते लवकर बिघडतं.

इलेक्ट्रिक गाड्यांत गाडीचा वेग कमी करायचं बरंच काम मोटर करते, पॅड वर्षानुवर्षं टिकतात. ऑइलचं वय मात्र तिथेही तसंच वाढतं. उलट ब्रेक कमी वापरला जातो म्हणून तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. मोठे ट्रक आणि एसटीच्या बस हवेच्या दाबाच्या ब्रेकवर चालतात, त्यांचं शास्त्र निराळं. छोटा हत्ती आणि पिकअपच्या वर्गातल्या गाड्या मात्र ऑइलवाल्या, आणि बाजार समितीच्या फेऱ्यांत ओव्हरलोड होणाऱ्याही त्याच.

बाटली कोणती घ्यायची

टाकीच्या झाकणावर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असं उठवलेलं असतं. तेच घ्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ बहुतेक गाड्यांत चालतं, पण डॉट ४ सांगितलं असताना डॉट ३ घालू नका. डॉट ३, ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळतात. डॉट ५ हे वेगळं प्रकरण आहे. ते सिलिकॉनचं, जांभळ्या रंगाचं असतं आणि ग्लायकॉलवाल्या ऑइलबरोबर अजिबात घालायचं नाही. ५ आणि ५.१ यांत नावापुरता एका टिंबाचा फरक दिसतो, म्हणून दुकानात बाटली हातात घेऊन वाचा. काही नव्या गाड्यांना पातळ प्रकारचं डॉट ४ सांगितलेलं असतं, तेही मॅन्युअलमध्ये दिसेल.

बाटली सीलबंद हवी आणि तिच्यावरची तारीख बघा. कारला अर्धा ते एक लिटर पुरतं, दुचाकीला १०० ते २५० मिलीलिटर. सुटं ऑइल, डब्यातून ओतून दिलेलं, कितीही ओळखीचा दुकानदार असला तरी नको. उघडलेली बाटलीही हवेतला ओलावा ओढत राहते, तेव्हा उरलेलं ऑइल पुढच्या खेपेला जपून ठेवू नका.

आणि एक गोष्ट ठासून सांगण्यासारखी: अडलं म्हणून इंजिन ऑइल, पॉवर स्टीअरिंगचं ऑइल किंवा रॉकेल ब्रेकच्या टाकीत कधीही घालू नका. खनिज तेलाने ब्रेकमधले रबरी सील फुगतात आणि मऊ पडतात. मग मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं. कोणी घातल्याचा संशय आला तर गाडी चालवू नका.

घरी बदलायचं असेल तर

दोन माणसं आणि एक मोकळी सकाळ लागते. चाक काढून पॅड बदलायची सवय असेल तर हे काम जमण्यासारखं आहे. ती नसेल तर खालचा भाग फक्त मेकॅनिक काय करतोय हे कळण्यासाठी वाचा. हायब्रिड गाड्या आणि ज्यांचे ब्रेक इलेक्ट्रिक पंपावर चालतात त्या गाड्या घरी उघडू नका, त्यांना सर्व्हिस सेंटरमधलं स्कॅनर लागतं.

साहित्य: नवं ऑइल, निपलच्या (प्रत्येक चाकापाशी ऑइल बाहेर काढण्यासाठी असलेल्या पोकळ स्क्रूच्या) मापाचा रिंग पान्हा (पुष्कळदा ८ किंवा १० नंबर), निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, मोठी सिरिंज, जॅक, गाडी टेकवायचे स्टँड, चाकाला लावायला लाकडाचे ठोकळे, हातमोजे, चष्मा, धागे न सुटणारं फडकं आणि बादलीभर पाणी. पाणी कशाला? हे ऑइल रंगावर सांडलं की काही वेळात रंग सोलून काढतं. पुसत बसायचं नाही, लगेच पाणी ओतायचं.

१. गाडी सपाट जागेवर, गार झालेली असावी. चाकांना ठोकळे लावा, चाकांचे नट आधी सैल करा, मग गाडी उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

२. काहीही उपसायच्या आधी चारही निपल सुटतात का ते बघा. कोकणातल्या गाड्यांत ते गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रिंग पान्ह्याने किंचित सोडून लगेच बंद करा. उघड्या तोंडाचा पान्हा वापरलात तर कडा गोल होतात. एखादं निपल हलत नसेल तर जोर लावू नका. ते आतल्या आत तुटलं की कॅलिपर उतरवावा लागतो. तिथेच थांबून गॅरेज गाठा.

३. झाकणाभोवतीची धूळ पुसून झाकण उघडा. सिरिंजने जुनं ऑइल काढा, पण टाकीच्या तळाची भोकं उघडी पडू देऊ नका. नवं ऑइल वरच्या रेघेपर्यंत भरा. हे आधी केल्याने टाकीतली घाण पाइपांतून फिरत नाही.

४. क्रम साधारण असा: मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे असल्यामुळे बहुधा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत पाइप तिरके जोडलेले असतात आणि क्रम बदलतो, मॅन्युअलमधला क्रम तोच खरा.

५. निपलवर आधी पान्हा चढवा, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. आता पेडलवर बसलेल्या माणसाशी ठरलेली भाषा हवी. तुम्ही म्हणायचं ‘दाब’, त्याने सावकाश दाबून म्हणायचं ‘धरलं’. तुम्ही निपल अर्धा फेरा उघडायचं, ऑइल नळीतून येईल, पेडल खाली जाईल. निपल बंद करून मग म्हणायचं ‘सोड’. निपल उघडं असताना पाय उचलला तर हवा आत खेचली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा एक तुकडा ठेवा. पेडल अगदी तळापर्यंत गेलं तर मास्टर सिलिंडरचे सील कधीच न गेलेल्या, गंजक्या भागावर घासून फाटू शकतात.

६. दर चार-पाच वेळा दाबलं की टाकी बघा आणि भरा. या सगळ्या कामातली सगळ्यात महाग चूक म्हणजे टाकी रिकामी होऊ देणं. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बहुधा स्कॅनरच लागतं.

७. नळीत नवं, फिकट ऑइल दिसायला लागलं आणि बुडबुडे थांबले की ते चाक झालं. निपल घट्ट करा, पण बेताने, ते नाजूक असतं. रबरी टोपी परत बसवा.

८. चारही झाल्यावर टाकी वरच्या रेघेपर्यंत भरून झाकण लावा. इंजिन बंद ठेवून पेडल दाबा. ते उंच आणि टणक लागलं पाहिजे. जोरात दाबून धरायला सांगून प्रत्येक निपलपाशी ओल येते का बघा. मग इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जाईल, ते बूस्टरमुळे, त्यात काळजीचं काही नाही. पहिली फेरी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने.

दुचाकीत पद्धत तीच, फरक थोडे. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं पसरा. हँडल असं वळवा की ऑइलची डबी सपाट राहील. डबीचे दोन स्क्रू मऊ असतात, नेमक्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने सोडवा. झाकण उघडं असताना लिव्हर झटक्यात दाबू नका, ऑइल कारंज्यासारखं उडतं आणि डोळ्यात जाऊ शकतं. काम झाल्यावरही लिव्हर मऊ वाटत असेल तर ती रात्रभर रबराने दाबून बांधून ठेवा. पुष्कळदा बारीक बुडबुडे वर निघून जातात.

गॅरेजमध्ये करून घेताना

‘ब्रेक ऑइल बघा’ म्हटलं की टॉप-अप होतं. म्हणून स्पष्ट बोला: ‘दादा, ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचंय, चारही चाकांतून काढून. नुसतं टाकीतलं नको.’ जॉब कार्डवर तसंच लिहून घ्या. बाटली समोर फोडायला सांगा आणि मागचं एखादं चाक चालू असताना नळीतला रंग स्वतः बघा. पाच मिनिटांत काम झालं म्हणाले, तर सिरिंजने टाकी तेवढी बदललीय हे समजा. पॅड बदलायची वेळ जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकदमच करून घ्या. काही गाड्यांत क्लचही याच टाकीतल्या ऑइलवर चालतो, तिथे क्लचच्या लाइनमधलंही बदलायला सांगा.

वर्षातली वेळ निवडायची असेल तर मी श्रावण निवडतो. पुढे गणपतीला भरलेली गाडी घाट उतरणार असते, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात कुठल्याच मेकॅनिकला नीट काम करायला वेळ नसतो. बदलल्याचा महिना आणि वर्ष कागदी चिकटपट्टीवर लिहून टाकीजवळ चिकटवा. पुढच्या वेळी बॉनेट उघडणाऱ्याला, मग तो कोणीही असो, विचारायची गरज पडत नाही.

निघालेलं जुनं ऑइल गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा मोरीत ओतू नका, आणि थंड पेयाच्या बाटलीत भरून कोपऱ्यात तर मुळीच ठेवू नका. ते विषारी असतं आणि रंगाने सरबतासारखं दिसतं. घट्ट झाकणाच्या बाटलीवर नाव लिहून, जळक्या इंजिन ऑइलमध्ये न मिसळता, टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या.